हरलेल्या दगडांचा पार

कशेळ्यात बाळारामशेठकडे पाहुणा आला की त्याला पाण्याचा तांब्या नंतर मिळायचा. आधी पारड्यात बसावं लागायचं.

खरोखरीचं पारडं बरं का! शेठचं दुकान तांदळाचं आणि किराण्याचं. दुकानाच्या ओटीवर आढ्याला साखळीनं टांगलेली पोती तोलायची भलीमोठी तागडी होती, तिची दोन्ही पारडी म्हणजे जाड फळ्या. पाहुण्यानं एका फळीवर मांडी घालून बसायचं, शेठ दुसरीवर वजनं चढवणार आणि दांडी सरळ झाली की समाधानानं मान डोलवणार. पाहुणा निघाला की पुन्हा तोच प्रकार. जाताना वजन वाढलेलं निघालं तर शेठ घराकडे तोंड करून बायकोला ओरडून सांगायचे, "पारू, पावने भरले गं!" आणि नाही वाढलं तर त्या पाहुण्याला त्या दिवशीची एस्टी काही मिळायची नाही. "ऱ्हावा एक दीस. माज्या घरातनं हलकं जायचं नाय."

मी कर्जतची. लग्न करून कशेळ्याला आले ती इथल्या शाळेत मास्तरीण म्हणूनच. आमचे हे खोपोलीला कारखान्यात, शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे पळायचे. घरात मी आणि सासूबाई. आणि कुडाच्या भिंतीपलीकडे बाळारामशेठ. त्यामुळे करमणुकीला तोटा नव्हता.

माझा स्वभाव तसा तापटच. माहेरी मला फोडणी म्हणायचे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी साखर आणायला दुकानात गेले, तर शेठ हात जोडून म्हणाले, "या बाई, बसा." मला वाटलं खुर्ची देतायत. बघते तर पारडं!

"मी काय तांदूळ आहे?" मी विचारलं.

"तांदळाला आमी इचारीत नाय बाई," शेठ म्हणाले. "तुमाला इचारतोय."

मी काही बसले नाही. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बरं केलंस. जित्या मानसाला तोलू नये. नजर लागते." सासूबाईंचं आणि माझं एकमत झालेला तो पहिला प्रसंग. दुसरा यायला बराच काळ जावा लागला.

शेठ दिसायला उंच, काटकुळे. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी आणि डोक्यावर एक टोपी, जिचा मूळचा रंग कोणता याबद्दल गावात दोन मतं होती. आवाज मात्र असा, की शेठ दुकानात 'मीठ' म्हणाले की आमच्या शाळेतली पोरं पाढे विसरायची. रस्त्यात कोणी भेटलं तर लोक 'बरं हाय का' म्हणतात, शेठ म्हणायचे, "भरताय ना?" मुलगी बघायला गेले तर नाकडोळे सगळे सोडून विचारणार, "जेवती का पोटभर?" एकदा शाळा तपासायला साहेब आले होते. त्यांनी छान भाषण केलं. शेठ मला हळूच म्हणाले, "मानूस चांगला हाय, पर भरत नाय. घरी कोन बघनारं दिसत नाय त्याला."

तेव्हा सरकारनं शेर काढून टाकून किलो आणला होता. तो नवा हिशेब पोरांना शिकवायचं काम आमच्या गळ्यात. मी एकदा फळ्यावर किलो आणि ग्रॅम लिहून समजावत होते, तेवढ्यात खिडकीत ती टोपी उगवली.

"बाई, पोरांना काय सांगताय ते?"

"किलो."

"किलो तांदळाला ठीक हाय. पर पोरं शेरातच वाढतात. त्यांना किलो सांगून भिववू नका."

सगळा वर्ग खो खो हसला. मी उठले आणि खिडकी लावून घेतली. उन्हाळ्याचे दिवस होते, पोरं घामानं निथळली, मीही निथळले, पण शाळा सुटेपर्यंत मी काही ती खिडकी उघडली नाही.

आणि मग वजनंमापं तपासणारे इन्स्पेक्टर आले. नव्याच नोकरीतले, तरुण आणि फार कडक. दुकानातले किलो त्यांनी तपासले; सगळे चोख. पण त्यांना काय संशय आला कोण जाणे, ते तसेच माजघरात शिरले, आणि खाटेखाली वाकून बघतात तर दगडांचा हा ढीग! लहान, मोठे, गुळगुळीत, नदीतले. आता दुकानदाराच्या घरात असे दगड सापडले की त्याचा अर्थ कोणीही काय लावेल? खोटी मापं! बाहेर बघ्यांची गर्दी झाली. मीही होते. का नसावं?

"हे काय आहे?" साहेबांनी दरडावलं.

"ती पोरं हायती साहेब," शेठ म्हणाले.

"पोरं?"

"व्हय. हा चिमीचा बाबू. हा वाडीवरचा लक्षा. ही सोनी. सोनीला जरा सांबाळून, ती तापातनं उठलीय." आणि शेठनी तो दगड साहेबांच्या हातातून हळूच काढून घेतला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेतली बाई, निदान ही तरी शुद्धीवर असेल असं त्यांना वाटलं असणार. मी म्हटलं, "खरं आहे ते. बसा, सांगते." ओटीवर बसायला जागा एकच होती. साहेब पारड्यात बसले.

तर त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते.

आमच्याकडे तान्ह्या पोराचं वजन करत नसत. पोर किती भरलं हे तोंडानं बोललं की नजर लागली म्हणून समजा. गावातल्या बायका तशा, आणि डोंगराच्या वाड्यांवरच्या ठाकर बायका तर त्याहून. सरकारी नर्सबाई पहिल्यांदा आल्या त्या वरती आकडा असलेला काटा घेऊन. आकड्याला झोळी टांगायची आणि झोळीत पोर. बायकांनी तो आकडा पाहिला मात्र, "बकरं टांगतात तसं टांगती का काय माज्या पोराला?" म्हणत पोरं पोटाशी धरून ज्या पळाल्या, त्या सरळ वाडी गाठेपर्यंत थांबल्या नाहीत. नर्सबाई माझ्या वर्गात येऊन बसल्या. बिचारीला रडूच फुटलं. कोणतं पोर वाढतंय आणि कोणतं वाळतंय हे कळल्याशिवाय तिनं औषध तरी कोणाला द्यायचं?

बाळारामशेठची तऱ्हा वेगळी होती. त्यांच्याकडे एक लहान तागडी होती. तिच्या एका पारड्यात पारूकाकू, म्हणजे शेठची बायको, मऊ गोधडी अंथरायची आणि त्यावर पोर ठेवायची. दुसऱ्या पारड्यात शेठ पेज नदीच्या पात्रातून आणलेले दगड एकेक ठेवून बघायचे. ज्या दगडाला दांडी सरळ झाली तो त्या पोराचा दगड. झालं. शेर नाही, किलो नाही, आकडा नाही, तोंडातून अवाक्षर नाही. पुढच्या खेपेला तेच पोर आणि तोच दगड पुन्हा समोरासमोर. पोराचं पारडं खाली गेलं की बाजारभर आरोळी उठायची, "हरला! दगड हरला!"

"तुमी पोराला तोलता," असं कोणी म्हटलं तर शेठ कानावर हात ठेवायचे. "पोराला कोन तोलतोय? मी दगड तोलतो."

बायकांना हे एकदम पटलं. नजर लागलीच तर दगडाला लागेल, त्याला कसलं दुखणं? आपलं पोर वाढलं हे अक्षर न येणाऱ्या बाईलाही डोळ्यांनी दिसायचं. आणि नाही वाढलं तर शेठ आईला एक शब्द लावायचे नाहीत. दगडाकडे रागानं बघून म्हणायचे, "हा दगड माजलाय. नर्सबाई, ह्याच्याकडं जरा बघा." कारण तोवर नर्सबाईही आपल्या बाटल्या आणि सुया घेऊन दर बाजाराला त्याच ओटीवर बसायला लागल्या होत्या. दगड माजलेली पोरं सरळ त्यांच्या मांडीवर जायची.

आता जिंकायचं म्हटलं की लबाडी आलीच. एका बाईनं पोराच्या करदोट्यात लोखंडी खिळे ओवून आणले होते. एकीनं दुपटं भिजवून आणलं. शेठ सगळं ओळखायचे, आणि पोराला म्हणायचे, "लेका, आईला सांग, मला फसवलंस तर चालंल. दगडाला फसवू नको."

हरलेला दगड दुकानासमोरच्या वडाखाली जायचा. तिथं शेठ पार बांधत होते. पोराला पुढच्या खेपेला नवा, मोठा दगड. पार दरवर्षी हातभर वाढायचा. एस्टीची वाट बघत त्यावर बसलेल्या माणसाला ठाऊक नसायचं, की आपण कोणाच्या बाळपणावर टेकलोय.

शेठची अट फक्त एक. "बिननावाच्या पोराला मी दगड देत नाय." पुष्कळ घरांतून पोर अंग धरेपर्यंत नावच ठेवत नसत. मग शेठ हटून बसायचे. "ठेव नाव. हितंच ठेव. आता ठेव." भांबावलेली आई दुकानात इकडे तिकडे बघायची आणि समोर जे दिसेल ते नाव ठेवून टाकायची. माझ्या वर्गात दोन लवंग्या आणि एक गुळ्या होता, त्याचं कारण हे.

इन्स्पेक्टरसाहेब हे सगळं ऐकत पारड्यातच बसले होते. तोवर शेठनी पलीकडच्या फळीवर वजनं चढवली होती. ते म्हणाले, "साहेब, घरापासनं लांब हाय ना तुमी? लई हलके." साहेबांचं गाव पार सोलापूरकडं होतं. त्या दिवशी ते पारूकाकूच्या हातची वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी जेवून गेले, आणि पुढे तपासणीला यायचे ते नेमके जेवणाच्या वेळेला.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नव्हती. शेठच्या गादीवर, अगदी मांडीशी, एक दगड कायम असायचा. काळा, गुळगुळीत, ओंजळीत मावेल एवढा. त्यानं शेठ काही तोलत नसत, की त्याखाली कधी कागद दाबत नसत. एकदा वाऱ्यानं माझा किराण्याचा कागद उडायला लागला म्हणून मी तो दगड उचलायला गेले, तर शेठ एकदम म्हणाले, "त्याला नाय हात लावायचा." आवाज चढवला नाही. ज्या माणसाचा आवाज कायम चढलेला, त्यानं हळू बोलावं, याचीच मला भीती वाटली. मी पुन्हा कधी हात लावला नाही.

मग माझी मुलगी झाली.

झाली ती अवेळीच, दिवस भरण्याच्या खूप आधी. कर्जतला माहेरी होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऊब द्या, अंगावरचं दूध द्या, आणि वजन वाढतंय का ते बघत राहा." बघत काय राहायचं? हातात घ्यायची मला भीती वाटायची. एवढीशी ती, तिच्या बोटांना नखं आहेत का हे शोधावं लागायचं. रडायची तेही शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये असं. रात्रंदिवस माझ्या मनात एकच: ही जगली पाहिजे. बाकी मला काही नको.

पितृपक्ष उलटल्यावर तिला घेऊन कशेळ्याला आले. सासूबाईंनी दुपटं बाजूला करून पाहिलं आणि परत झाकलं. मनगटात काळा दोरा बांधला.

"बारसं कधी करायचं?" मी विचारलं.

"घाई काय? अंग धरू दे की."

"आणि तोवर हाक काय मारायची?"

"धोंडी म्हन. नाव घेऊन हाक मारली की ऐकनारे सगळेच ऐकतात, चांगले तसे वाईट."

मी खूप भांडले. फोडणी अगदी घरभर उडाली. पण सासूबाई हलल्या नाहीत. नंतर एकदा मी मागच्या दारी गेले, तर त्या तुळशीपाशी बसून पदर तोंडात धरून रडत होत्या. मग माझंही भांडायचं बळ गेलं.

बाजाराच्या दिवशी मी मुलीला उचललं आणि सरळ शेठच्या ओटीवर गेले. सासूबाई पाठोपाठ आल्याच. "जित्या पोरीला तोलतेस?" "तोलत नाही," मी म्हटलं. "दगड तोलणार आहेत ते."

शेठनी नेहमीप्रमाणे विचारलं, "नाव?"

"नाय ठेवलं अजून," सासूबाई म्हणाल्या. "टिकंल तवा ठेवू."

मला वाटलं आता हे हटून बसणार. पण शेठ बसले नाहीत. त्यांनी दुपट्यात डोकावून पाहिलं आणि बघतच राहिले. पारूकाकूनं मुलीला गोधडीवर ठेवलं. शेठनी दगडांच्या टोपलीत हात घातला, एक काढला, ठेवला, जड. दुसरा, जड. त्या टोपलीत इतका लहान दगडच नव्हता. मग शेठ उठले, गादीवरचा तो काळा दगड घेऊन आले आणि पारड्यात ठेवला.

दांडी सरळ झाली. जरासुद्धा हलली नाही.

"हाच हिचा," शेठ म्हणाले. पारूकाकू आत निघून गेली.

सासूबाईंना इतका वेळ पटलेलं नव्हतं, पण दांडी अशी सरळ झालेली पाहून त्यांच्या मनानं काहीतरी घेतलं. "हा दगड आमच्या घरी ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "बाजारात कुनाचीबी नजर पडंल." शेठ जरा घुटमळले. मग त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला आणि दोन्ही हातांनी सासूबाईंच्या हातात दिला. "जपा वैनी," एवढंच म्हणाले.

सासूबाईंनी जपला! जपला म्हणजे काय, देव्हाऱ्यात नेऊन बसवला. त्यांचं म्हणणं असं, की पोरीचा जीव या दगडाशी बांधलाय, मग त्याला उपाशी कसं ठेवायचं? रोज सकाळी त्याला तेल आणि शेंदूर. संध्याकाळी दूधसाखर. मी पोरीला पाजत बसलेली आणि पलीकडे सासूबाई दगडाला भरवत बसलेल्या. मी बघत होते, पण म्हटलं, चालू दे. त्यांच्या जिवाला तेवढाच विसावा.

नर्सबाईंनी सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा तोलून जीव खालीवर करू नका. थोडे दिवस जाऊ द्या, पोरीला छातीशी धरा, दर थोड्या वेळानं पाजा. मी तसंच केलं. शाळेचे तास सोडले तर मला पोरीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. हळूहळू मला वाटायला लागलं, की ही हाताला जड लागतेय. रडण्याचा आवाज भिंतीपलीकडे जायला लागला. शेठ पलीकडून ओरडायचे, "भरली का गं धोंडी?" पण आईला काय, वाटतच असतं. खरं काय ते काट्यावरच कळणार होतं.

दिवाळीच्या आधीच्या बाजाराला आम्ही गेलो. ओटीवर बायकांची ही गर्दी. सासूबाईंनी खणात गुंडाळलेला दगड स्वतःच्या हातानं पारड्यात ठेवला, कोणाला उघडू दिला नाही. मी मुलीला गोधडीवर ठेवलं आणि हात काढून घेतला.

मुलीचं पारडं वर गेलं.

वर! खाली नाही. मी तिथंच ओटीवर बसले. म्हणजे ती वाळत चालली होती. माझ्या हाताला लागायचं ते सगळं खोटं होतं. मी मोठ्यानं रडायला लागले, शाळेतली पोरं बघतायत याचीही मला शुद्ध नव्हती. नर्सबाई मुलीला घ्यायला पुढं आल्या आणि म्हणाल्या, "अहो पण... ही तर चांगली भरलीय की!"

शेठनी पारड्यातला दगड उचलला. हातात धरून जरा खालीवर केला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी खण उलगडला.

आतून भगवा लाल गोळा निघाला. बोटाएवढा जाड शेंदूर चढला होता.

"वैनी," शेठ म्हणाले, "ह्याला जेवायला कोन घालत व्हतं?"

सासूबाईंनी मान वर केली. "मी. का?"

"पोरीपेक्षा हाच जास्ती भरलाय!"

एक क्षण कोणाला कळलं नाही. मग नर्सबाई हसायला लागल्या, मग बायका, आणि मी, रडता रडताच. किलो आणि ग्रॅम शिकवणारी मी मास्तरीण, पण शेंदरालाही वजन असतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं! शेठनी सुरी आणायला सांगितली, तशा सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या. "खबरदार! देव झालाय त्यो. देवाला खरवडता व्हय?"

आता आली का पंचाईत! शेंदरासकट दगड तोलावा तर पोर हरणार, आणि शेंदूर काढावा तर देव कोपणार.

शेठनी सुरी खाली ठेवली. "वैनी, देवावर शेंदूर लई झाला की देव त्यो आपसूक टाकतो. टाकतो का नाय?"

"टाकतो. आपसूक."

"मग तुमीच ह्याला जरा ऊन पान्यानं आंगूळ घाला. टाकायचा असंल तर टाकंल. नसंल तर आपन पाया पडू आनि घरी जाऊ."

हे सासूबाईंना मान्य झालं. पारूकाकूनं घंगाळ भरून कढत पाणी आणलं. सासूबाईंनी ओटीवर बसून, तोंडानं पुटपुटत, दगडावर पाण्याची धार धरली. तांब्यामागून तांब्या. हळूहळू शेंदराला भेग पडली, एक ढलपा निघाला, मग दुसरा. सासूबाईंचा अंगठा मधून मधून देवाला मदत करत होता, पण ते आमच्यापैकी कोणी पाहिलं नाही. शेवटी आतला काळा गुळगुळीत दगड उघडा पडला. सासूबाईंनी तो पदरानं कोरडा केला, नमस्कार केला आणि शेठकडे दिला.

शेठनी तो पारड्यात ठेवला. पारूकाकूनं मुलीला दुसऱ्या पारड्यात ठेवलं.

मुलीचं पारडं खाली आलं. सावकाश, पण थांबलं नाही. अगदी जमिनीला टेकलं. आणि दगड वर, हवेत.

"हरला!" बायकांनी एकच गिल्ला केला. "दगड हरला!" सासूबाईंनी मला मिठी मारली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच. माझी पोरगी जगणार होती.

एवढ्या गलक्यात शेठचा आवाज नव्हता. ते वर गेलेल्या दगडाकडे बघत उभे होते. मग त्यांनी तो पारड्यातून काढला आणि छातीशी धरून खाली बसले.

"उचलला," ते म्हणाले. "कुनी तरी उचलला."

पारूकाकू दारात उभी होती. तीच बोलली. "आमची येवडीच व्हती. ह्यांनी नदीवरनं तिच्या मापाचा दगड शोधून आनला. म्हनले, हा उचलला का पोर तरली. रोज पारड्यात ठेवायचे तिला."

"रोज वाटायचं, आज उचलंल," शेठ म्हणाले. "नाय उचलला तिनं."

थोड्या वेळानं ते माझ्याकडे वळले. "बाई, नावसुदिक नाय ठेवलं आमी तिचं. टिकंल तवा ठेवू म्हनलं. सगळीच म्हनत व्हती. आता आटवन आली का हाक मारावीशी वाटती, तर काय म्हनून मारू?" "आज नाव ठेवा. उद्यावर टाकू नका."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पुढं झाल्या, मुलीला पारड्यातून उचललं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि तिथंच, मीठमिरचीच्या पोत्यांमध्ये, कुर्रर्र केलं. "मंगल!"

मी मनात वासंती ठरवून ठेवलं होतं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. पण त्या दिवशी मला राग म्हणून आला नाही.

मग सासूबाईंनाच सुचलं. त्या शेठजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मनात काय व्हतं वो? नाव?"

हे शेठला आजवर कोणी विचारलं नसावं. ते लाजल्यासारखे झाले. "यमुना," ते म्हणाले.

"यमुना?" दारातून पारूकाकू म्हणाली. "काय तरीच! जाई ठेवायची व्हती."

"जाई? कुनी ठरवलं?"

"मी."

"मला कवा बोलली नायस ती!"

"तुमी कवा इचारलं?"

"अगं पर माझ्या आईचं नाव यमुना..."

"म्हनून तर नको व्हतं!"

आणि दोघं भांडायला लागली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, नाक पुसत, पण कोणी एक पाऊल मागं घेईल तर शपथ. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याविषयी एकमेकांशी एक शब्द काढला नव्हता, आणि आता सगळ्या बाजारासमोर तिच्या नावावरून हमरीतुमरी! आम्ही बायका हसावं की रडावं न कळून नुसत्या बघत राहिलो.

काळा दगड पाराच्या वरच्या थरात बसवला, शेठ संध्याकाळी जिथं टेकायचे तिथं. ते भांडण काही मिटलं नाही. मंगल चालायला लागली तशी दिवे लागायच्या सुमाराला दुडुदुडु पारावर जायची. शेठ तिला शेंगदाणे द्यायचे आणि हाक मारायचे, "यमे, भरलीस का गं?" पारूकाकू ओटीवरून म्हणायची, "जाई, हिकडं ये, वेणी घालू." पोरगी दोन्ही हाकांना ओ द्यायची आणि दोन्हीकडचा खाऊ खायची. मंगल म्हणून हाक मारली तर मात्र ऐकूच यायचं नाही. शेवटी मीच दारात येऊन ओरडायचे, "अगं, जी कोण असशील ती, जेवायला ये!"